अंड्याची पोळी आणि मनूची यादी

आपल्याकडे इतिहास लिहिला जातो तो देवळांचा, किल्ल्यांचा, राजघराण्यांचा. अलीकडे तो चळवळींचाही लिहिला जाऊ लागला आहे. परंतु चुलीचा इतिहास लिहिण्याची प्रथा नाही. चूल ही बायकांची, म्हणून ती विद्वानांच्या कक्षेबाहेर. आणि गावकुसाबाहेरची चूल तर कोणाच्याच कक्षेत नाही. वस्तुतः या देशात जातिव्यवस्था ग्रंथात जेवढी टिकली तेवढीच ती ताटात टिकली. कोणी कोणाच्या हातचे खावे, काय खावे आणि काय खाल्ले असता माणूस बाटतो, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवरच ही इमारत उभी आहे. म्हणून मी येथे एका अगदी साध्या पदार्थाचा विचार करणार आहे. शहरात त्याला आमलेट म्हणतात. आमच्या मराठवाड्यात, आमच्या वस्तीत, त्याचे नाव अंड्याची पोळी.

हे नावच विचार करण्यासारखे आहे. ज्वारीची भाकरी हे ज्यांचे रोजचे अन्न, त्यांच्या घरी गव्हाची पोळी सणालाच होई. म्हणजे एरवीच्या दिवशी ज्या एकमेव पदार्थाला पोळी म्हणता येत होते तो हा. त्याची आमच्या घरची रीत अशी. कांदा होईल तितका बारीक चिरायचा. त्यात मीठ घालून तो बोटांनी चुरायचा. मिठाने कांद्याला पाणी सुटते, तो मऊ पडतो आणि त्याचा उग्रपणा जातो. मग हिरवी मिरची, ठेचलेला लसूण, कोथिंबीर, चिमूटभर हळद. त्यावर अंडे फोडायचे आणि फेस येईतो फेटायचे. फेटताना जी हवा आत शिरते तिच्यामुळे पोळी फुगते, आणि एका अंड्याची पोळी दोन अंड्यांची दिसते. तवा चांगला तापला की तेल, तेलावर हे सारण, वर झाकण. कडा सुटल्या की उलथन्याने उलटायचे. फार वेळ ठेवली तर पोळी चिवट होते, म्हणून दुसरी बाजू लागलीच काढायची. हिरवी मिरची नसली तर काळे तिखट किंवा येसूर. कांदा महागला तर कांद्याची पात, लसणाची पात, हिवाळ्यात चिरलेली मेथी. घरोघरी यात फरक असतो आणि प्रत्येकीला आपलीच रीत खरी वाटते. तथापि कांदा, लसूण आणि कोंबडीचे अंडे हे तिन्ही बहुतेक घरी असतात.

आता मनुस्मृती उघडावी. पाचव्या अध्यायाच्या एकोणिसाव्या श्लोकात द्विजाने वर्ज्य करावयाच्या सहा वस्तूंची यादी आहे. तीत छत्राक म्हणजे अळंबी आहे, विष्ठा खाणारे गावडुक्कर आहे, लसूण आहे, गावातला कोंबडा आहे, कांदा आहे आणि त्याच जातीचे गृंजन नावाचे एक कंदमूळ आहे. या वस्तू जाणूनबुजून खाणारा द्विज पतित होतो असे मनू सांगतो. श्लोकात अंड्याचे वेगळे नाव नाही. पण जो पक्षी खाल्ल्याने माणूस जातीतून पडतो त्याचे अंडे त्याच्या स्वयंपाकघरात कोणत्या वाटेने शिरणार? सहांपैकी तीन वस्तू आमच्या तव्यावर आहेत. मनूच्या दृष्टीने अंड्याची पोळी हा एक पदार्थ नव्हे. ती एका घासात तीन पातके आहेत.

या श्लोकात दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली ही की, निषेध आहे तो गावातल्या कोंबड्याला आणि गावातल्या डुकराला. राजेलोक ज्यांची शिकार करतात त्या रानकोंबड्याचे आणि रानडुकराचे नाव या यादीत नाही. प्राणी तेच, जात तीच. परंतु जे उकिरड्यावर चरते, जे गरिबाच्या दारात वाढते, ते अपवित्र. संस्कृतातला ग्रामकुक्कुट म्हणजेच मराठीतली गावरान कोंबडी. आज शहरातले सुखवस्तू लोक गावरान अंड्याला दामदुप्पट मोजतात तेव्हा आपण मनूच्या यादीतली वस्तू विकत घेत आहोत हे त्यांच्या गावीही नसते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. हा निषेध द्विजांसाठी आहे. शूद्रातिशूद्रांनी काय खावे याची मनूला येथे चिंता नाही. पतित व्हायला आधी उंचावर असावे लागते. जो मुळात खालीच ठेवला आहे तो पडणार कोठे? म्हणजे ही आहाराची यादी नव्हे, ही ओळख पटवण्याची यादी आहे. जो हे खात नाही तो आपला, जो खातो तो परका, असे या यादीने ठरते. आरोग्य, सत्त्वगुण, तमोगुण ही भाषा नंतर कितीही चढवली तरी तिच्या तळाशी ही विभागणी आहे.

ही विभागणी कागदावरच होती असे मात्र समजू नये. पाचव्या शतकाच्या आरंभी चिनी भिक्षू फाहियान मध्यदेशातून गेला. तेथील लोक जीवहत्या करीत नाहीत, मद्य पीत नाहीत, कांदा-लसूण खात नाहीत; अपवाद चांडाळांचा, आणि ते गावाबाहेर राहतात, असे तो नोंदवतो. डुकरे आणि कोंबड्या त्या देशात पाळत नाहीत असेही तो लिहितो. सातव्या शतकात ह्युएनत्संग आला. कांदा-लसूण खाणाऱ्यांना वेशीबाहेर काढतात अशी नोंद त्यानेही केली आहे. मनूच्या श्लोकातील वस्तू आणि या प्रवाशांच्या नोंदीतील वस्तू एकमेकींवर ठेवून पाहाव्यात. कांदा, लसूण, कोंबडी, डुक्कर आणि गावकूस ही एकाच वाक्यातली पदे आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘द अनटचेबल्स’ या १९४८ च्या ग्रंथात अस्पृश्यतेच्या उगमाचा शोध घेताना फाहियानची साक्ष तपासली आहे. त्यांचा मुख्य सिद्धांत गोमांसाशी निगडित आहे. परंतु आहारावरून माणसाला गावाबाहेर ठेवता येते हे जे मूलसूत्र त्यांनी हाती दिले, त्याच्या उजेडात कांद्या-लसणासारख्या लहान वस्तूंकडेही पाहिले पाहिजे.

लसणाची कथा तर मोठी मनोरंजक आहे. १८९० साली मध्य आशियात कुचा येथे सापडलेल्या बॉवर हस्तलिखितात लसणाचे औषधी गुण वर्णिले आहेत. विष्णूने राहूचे मस्तक उडवले, त्याचे रक्त भूमीवर सांडले आणि त्यातून लसूण उगवला, म्हणून ब्राह्मण तो खात नाहीत, असे त्यात सांगितले आहे. पण लसूण गुणकारी; मग ब्राह्मण रोग्याने काय करावे? त्यावर तोड आहे. गाईला तीन दिवस जवळजवळ चाऱ्याविना ठेवावे, मग गवतात लसणाची पात मिसळून खाऊ घालावे आणि तिचे दूध, दही, तूप ब्राह्मणाने घ्यावे. लसणाचा गुण मिळतो आणि धर्मही राहतो! नियम करणारा स्वतःसाठी पळवाट कशी ठेवतो, आणि तिची किंमत तीन दिवस उपाशी राहणाऱ्या मुक्या जनावराने कशी द्यायची, याचे इतके बोलके उदाहरण क्वचितच मिळेल.

येथे एखादा विद्यार्थी विचारील की, बौद्ध विनयातही लसणाला बंदी होती, त्याचे काय? होती. परंतु कारणे पाहा. एका उपासकाने भिक्षुणींना लसूण देऊ केला. थुल्लनंदेबरोबरच्या भिक्षुणींनी प्रमाणाबाहेर उपटून नेला, आणि म्हणून भिक्षुणींसाठी नियम झाला. भिक्षूंच्या बाबतीत, वासामुळे एक भिक्षू धर्मोपदेशाच्या वेळी दूर बसला, म्हणून बंदी झाली. आजाऱ्याला मात्र मोकळीक ठेवली. एकीकडे दात्याचे नुकसान आणि सभेतला शेजारी यांचा विचार आहे. दुसरीकडे जातीतून पडण्याची धमकी आहे. दोन्ही ठिकाणी वस्तू एकच, पण एका नियमात माणूस मध्यभागी आहे आणि दुसऱ्यात वर्ण.

आता ग्रंथ मिटून महारवाड्यात यावे. दाराशी खुराडे, डालग्याखाली पिले, परसात उकिरडा. कोंबडी पाळायला जमीन लागत नाही, विहीर लागत नाही, पाटलाची परवानगी लागत नाही. सांडलेले दाणे आणि किडे वेचून ती पोट भरते. ती बाईच्या मालकीची असते. घरात पैसा नावाची वस्तू नसली तरी चार अंडी विकून बाई मीठ-तेल आणू शकते, पोराची पाटी आणू शकते. म्हणूनच अंडे घरात असूनही सहसा खाल्ले जात नसे. काही बाजाराला जात, काही खुडूक झालेल्या कोंबडीखाली बसवली जात, पाहुणा आला तर एखादे फुटे. गावातली माणसेही अंडी नेत. आजारी माणसावरून उतरून तिकाटण्यावर ठेवण्यासाठी ती लागत. ज्या समाजाला अंडे खाण्याने विटाळ होई त्याला भूत उतरवण्यासाठी मात्र ते चाले. अंड्याच्या वाट्याला चव्हाटा आला, ताट आले नाही.

बलुत्याच्या अन्नाशी या अंड्याची तुलना करावी. बलुत्याची भाकर ही गावाच्या मर्जीची भाकर होती. ती शिळी असे, मागावी लागे, आणि मागताना मान खाली घालावी लागे. मृत जनावराचे मांस हेही गावाच्या कामाचे, गावाने लादलेले. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस आणि शिळ्या तुकड्यांचा त्याग करण्याचे आवाहन केले. त्याचा अर्थ ‘शाकाहारी व्हा’ असा नव्हता. जे अन्न गुलामीच्या बदल्यात मिळते ते टाका, असा तो होता. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृती जाळण्यात आली. या दोन घटना एकत्र वाचल्या पाहिजेत. एकीने गुलामीचे अन्न नाकारले, दुसरीने अन्नावरून गुलाम ठरवणारा ग्रंथ नाकारला. या कसोटीवर अंड्याची पोळी कोठे बसते? ती कोणाच्या दारात जाऊन मागितलेली नाही. कोणाची उष्टी नाही. आपल्या दारात, आपल्या बाईने पाळलेल्या कोंबडीची ती आहे. महारवाड्याच्या ताटातला, कोणाचे उपकार नसलेला हा एक समृद्ध घास होता. म्हणून मृतमांसाबरोबर तिचीही लाज वाटून घेणारे आपल्यातले काही लोक गल्लत करतात असे मला वाटते.

अर्थात समृद्धी केवढी, तर एका अंड्याएवढी. एक अंडे आणि खाणारी तोंडे सहा, हा प्रश्न आमच्या आयाबायांनी कसा सोडवला यात त्यांची खरी प्रतिभा आहे. एक उपाय बेसनाचा. मूठभर डाळीचे पीठ, ते नसेल तर ज्वारीचे, पाण्यात कालवायचे, त्यात भरपूर कांदा आणि एक अंडे फेटायचे. तव्यावर चांगली चार धिरडी होतात. प्रत्येकात अंड्याचा वास असतो, अंडे किती आहे ते विचारायचे नसते. दुसरा उपाय रश्श्याचा. पोळी करून तिचे शंकरपाळ्यासारखे तुकडे करायचे आणि येसराच्या झणझणीत रश्श्यात सोडायचे. पोळी रस्सा पिते, तुकडा जाड होतो, भाकरीला कालवण होते. तिसरा उपाय कांदाच वाढवण्याचा, इतका की अंडे हे केवळ कांद्याला कांद्याशी जोडण्यापुरते उरावे. सुखवस्तूंच्या घरी सारण हे अंड्याची चव वाढवण्यासाठी असते. आमच्याकडे ते अंडे पुरवण्यासाठी होते.

या वाटणीत एक अन्याय आमच्याच घरात होता, तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पहिला तुकडा कमावत्या पुरुषाचा, मग पोरांचा, मग पोरींचा. ज्या बाईने कोंबडी पाळली, अंडे फेटले, तिच्या वाट्याला तव्याला लागलेला खरपूस कडा. पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्राने २००९ साली दलितांच्या अन्नाच्या आठवणी संकलित करून प्रसिद्ध केल्या. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ या २०१५ च्या पुस्तकात मराठवाड्यातील मांग-महारांच्या स्वयंपाकाची नोंद केली. या कामाचे मोल मोठे आहे. चुलीपुढच्या बाईचा शब्द त्यामुळे कागदावर येऊ लागला. मनूची यादी मोडणाऱ्या घरात मनूची पंगत तशीच राहिली असेल तर यादी अर्धीच मोडली असे म्हटले पाहिजे.

आमलेट हा फ्रेंच शब्द इंग्रजांबरोबर आला, आणि तो पदार्थ साहेबाच्या बंगल्यावर शिजवण्याचे काम अनेकदा आमच्याच माणसांकडे आले. कारण उघड आहे. अंडे, कोंबडी, गोमांस ज्याला हाताळता येईल असा खानसामा सवर्ण हिंदूंत मिळणे कठीण. पुणे-मुंबईच्या छावण्यांतून महार माणसे बटलर म्हणून, त्यांच्या बायका आया म्हणून कामाला लागल्या. पुण्यात बटलरकी करीत असलेल्या शिवराम जानबा कांबळे यांनीच १९०८ मध्ये ‘सोमवंशीय मित्र’ हे पत्र काढले आणि अस्पृश्यांच्या हक्कांसाठी सरकारदरबारी अर्ज केले. ज्या हाताचे पाणी गावात चालत नव्हते त्या हाताचे आमलेट राज्यकर्त्याच्या टेबलावर चालत होते. विटाळ हा हाताला नसतो, पाहणाऱ्याच्या डोक्यात असतो, हे समजायला एवढा अनुभव पुरेसा होता.

मुंबईने हा अनुभव आणखी पसरवला. गिरणीत विणकाम खात्यात अस्पृश्याला घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि उष्ट्याने विटाळ होई. खानावळी जातीच्या, गावच्या. पण नाक्यावरच्या इराण्याच्या दुकानात संगमरवरी टेबलावर बसून पैसे टाकले की आमलेट आणि पाव समोर येई. पारशांच्या घरी याच पदार्थाला पोरो म्हणतात. कांदा, मिरची, कोथिंबीर, आले-लसूण असे त्याचे सारण आपल्याच पोळीचे भावंड शोभते. कोकणातली माणसे त्यात भाजलेला जवळा घालतात. गोव्यात आमलेटावर शागोतीचा गरम रस ओतून, वर कच्चा कांदा आणि लिंबू देऊन, ते पावाबरोबर खातात. रस आमलेट म्हणून ते प्रसिद्ध आहे. मिरची सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर अमेरिकेतून आली, टोमॅटोही तिकडचाच. मनूला या दोन्ही ठाऊक नव्हत्या, म्हणून त्या यादीतून सुटल्या आणि सर्वांच्या ताटात बिनबोभाट शिरल्या.

यादीतून सुटलेले आणखीही आहे. कांदा आज महाराष्ट्रातल्या बहुतेक ब्राह्मणघरी शिजतो. चातुर्मासापुरता तो वर्ज्य करायचा आणि त्याआधी आषाढातल्या कांदेनवमीला पोटभर खाऊन घ्यायचा, एवढाच जुन्या निषेधाचा अवशेष उरला आहे. म्हणजे यादी अपरिवर्तनीय नाही. जिभेला हवे तेव्हा ती बदलते. पण अंड्यापाशी ती अजून अडून बसली आहे. त्याचा एक पुरावा म्हणजे मध्यमवर्गीय मराठी घरात आणि उपाहारगृहात मिळणारे टोमॅटो आमलेट. बेसन कालवायचे, त्यात कांदा, टोमॅटो, मिरची, कोथिंबीर घालायची, तव्यावर पसरायचे. हे चविष्ट असते, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यात अंडे नाही! आमलेटाचे नाव, रूप, रंग, सारे घेतले. फक्त अंडे काढून घेतले. आमच्या आईच्या तव्यावरही बेसन होतेच. एका घरात बेसन अंड्याच्या जागी आले, कारण अंड्याने विटाळ होतो. दुसऱ्या घरात बेसन अंड्याच्या सोबतीला आले, कारण अंडे पुरत नाही. तव्यावरची दोन धिरडी दिसायला सारखी, पण त्यांच्यामधले अंतर हे गाव आणि गावकूस यांच्यामधले अंतर आहे.

हे सारे जुने झाले असे कोणी म्हणेल. नॅशनल एग कोऑर्डिनेशन कमिटी १९८२ मध्ये स्थापन झाली, रोज अंडी खाण्याची जाहिरात घरोघरी पोचली, अंडी गाड्यावर आणि किराणा दुकानात आली. आता कसला विटाळ? तर शाळेकडे पाहावे. तामिळनाडूत १९८९ पासून शालेय आहारात अंडे आहे. तेथे कोणाचा धर्म बुडाला नाही. मध्य प्रदेशात २०१५ मध्ये अंगणवाडीच्या ताटात अंडे देण्याचा प्रस्ताव सरकारनेच फेटाळला. फुले-आंबेडकरांचे नाव घेणाऱ्या आपल्या महाराष्ट्रात नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे देण्याचा निर्णय झाला. जे खात नाहीत त्यांना केळे. लगेच विरोध सुरू झाला. जानेवारी २०२४ मध्ये असे ठरले की, ज्या शाळेत चाळीस टक्क्यांहून अधिक पालकांचा विरोध असेल तेथे कोणालाच अंडे मिळणार नाही. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठीचा सरकारी निधीच थांबला. हवे असल्यास शाळांनी लोकवर्गणीतून करावे असे सांगण्यात आले.

या हिशेबाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. न खाणाऱ्या मुलाला केळे देण्याची सोय होतीच; त्याच्यावर कोणी जबरदस्ती करीत नव्हते. आक्षेप होता तो शेजारच्या मुलाच्या ताटात अंडे असण्याला. चाळीस टक्क्यांना नको म्हणून साठ टक्क्यांना नाही, हे गणित लोकशाहीचे नव्हे, विटाळाचे आहे. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम उत्तम प्रतीची प्रथिने असतात. ज्यांच्या घरी दूध, तूप, डाळी मुबलक आहेत त्यांच्या मुलाला त्याची उणीव भासणार नाही. ऊसतोडणीला गेलेल्या, वीटभट्टीवर राबणाऱ्या आईबापांच्या मुलासाठी मात्र आठवड्याचे ते एक अंडे हा वाढीचा प्रश्न आहे. आणि वर्गणी काढायची तर कोणत्या वस्तीने? ज्या वस्तीला अंड्याची सर्वांत जास्त गरज तिच्याच खिशात सर्वांत कमी पैसे.

तेव्हा आपल्या कार्यकर्त्यांनी, विशेषतः शिक्षकांनी, हा प्रश्न क्षुल्लक समजू नये. शालेय व्यवस्थापन समितीत पालकांचे प्रतिनिधी असतात. त्या बैठकीत आपल्या वस्तीतल्या बायांनी बसले पाहिजे आणि अंड्याची मागणी नोंदवून घेतली पाहिजे. मुलांनी डब्यात अंड्याची पोळी आणली तर तिच्यावर नाक मुरडले जाणार नाही, एवढे तरी वर्गातल्या शिक्षकाच्या हातात असते. आणि आपण स्वतः, जे शिकून वसाहतीत राहायला आलो, त्यांनी खिडक्या लावून आमलेट तळण्याची सवय सोडली पाहिजे. वास शेजाऱ्याकडे जाईल तर जाऊ द्या. तो कांद्या-लसणाचा, कष्टाने पाळलेल्या कोंबडीच्या अंड्याचा वास आहे. त्याला गुन्हा ठरवणारा ग्रंथ १९२७ मध्येच जळाला आहे.